इंजिन किती घोड्यांचं?

आरोग्य कार्यालयाच्या फोर-व्हील पिकअपचं इंजिन एका सकाळी झऱ्याच्या वळणावर मरण पावलं. बंद पडलं म्हणत नाही मी. बंद पडणं वेगळं. बंद पडलेलं इंजिन दोन शिव्या घातल्या, चार धक्के मारले की कुरकुरत का होईना, उठून बसतं. याच्या पोटातला पिस्टनचा दांडा लोखंड फोडून बाहेर आला, रस्त्यावर तेलाचं थारोळं झालं, आणि आत जो काही जीव उरला होता तो वाफ होऊन निघून गेला. ड्रायव्हर खाली उतरला, बॉनेट उघडलं, आत डोकावला आणि डोक्यावरची टोपी काढून उभा राहिला.

या ड्रायव्हरला सगळे हळूबा म्हणायचे. गाडीला वर चढायला जेवढा वेळ लागायचा तेवढा तो लागू द्यायचा. मागून कोणी हॉर्न वाजवला तर हात बाहेर काढून म्हणायचा, "जा बाबा पुढे, भेटूच." आणि भेटायचेच. पुढे गेलेला माणूस झऱ्याच्या वळणावर चिखलात रुतलेला असायचा.

ते वळणच तसं होतं. खाली गाव, वर डोंगरावर वस्ती, आणि मधल्या वळणावर कड्यातून बारा महिने पाणी झिरपायचं. माती अशी निसरडी की मागच्या चाकांनी नुसतं ढकलून भागायचं नाही, पुढच्यांनीही ओढावं लागायचं. चारही जणांनी एकदिलाने काम करायचं, ही गोष्ट त्या कार्यालयात फक्त त्या गाडीच्या चाकांनाच जमायची.

वरच्या वस्तीत हळूबाची थोरली बहीण राहायची. तिला अख्खी वस्ती आक्का म्हणायची. काचबिंदूने तिचा उजवा डोळा आधीच खाल्ला होता. डावा उरला होता, आणि त्या एकट्याच्या जोरावर ती अजून सुईत दोरा ओवायची, तांदूळ निवडायची आणि डोंगर चढणारी गाडी आपल्या भावाची की दुसऱ्या कोणाची हे धुळीवरून ओळखायची. गुडघे मात्र कधीच संपावर गेलेले. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला बजावलं होतं, "आक्का, याही डोळ्यात दाब वाढतोय. थेंबांनी फार दिवस धरणार नाही. थंडी पडायच्या आत ऑपरेशन करून घेऊ. उशीर झाला तर गेलेली नजर मला परत आणता येत नाही."

थंडीला अवकाश होता. हळूबाने मेलेली गाडी ब्रेकवर तशीच खाली घरंगळत आणली आणि थेट मिस्त्रीच्या गॅरेजसमोर उभी केली.

मिस्त्री म्हणजे गोड माणूस. कोणालाही नाही म्हणायचं नाही, हे त्याचं व्रत. गिऱ्हाईक चुकत असेल तर काम वाढतं, मग चूक दाखवायची कशाला, असा साधा हिशेब. पण त्या दिवशी तो चुकून खरं बोलून गेला.

"मागे बघ," तो म्हणाला. "याच कंपनीची पिकअप पडलीय. झाडावर आपटलेली. तोंडाचा पार चुरा झालाय, पण इंजिन ठणठणीत. सेम टू सेम. नटाला नट बसतो. शनिवारी घेऊन जा."

हळूबाला आभाळ ठेंगणं झालं. तसाच तो मोठ्या साहेबांच्या खोलीत गेला. साहेबांच्या टेबलावर काच होती आणि काचेखाली साहेबांचेच फोटो होते. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे जुनं गेलं आणि जुनंच आणायचं?"

"हो साहेब. तेच बसतं."

"मग आपण केलं काय?"

"गाडी चालू केली, साहेब."

"ते कोणीही करेल," साहेब म्हणाले. "अशी संधी वारंवार येत नाही. या निमित्ताने क्षमतावाढ झाली पाहिजे. समिती नेमतो."

"नेमा, साहेब. पण तोवर एखादी गाडी भाड्याने घ्या. वर पेशंट आहेत. माझी बहीणच आहे, तिच्या डोळ्याचं…"

"भाड्याची गाडी कधी घेता येते? कार्यालयाकडे गाडी नसेल तर. आपल्याकडे गाडी आहे."

"ती चालत नाही, साहेब."

"नियमात 'गाडी' एवढंच लिहिलंय. 'चालणारी' असं कुठेही नाही. तू वाचून बघ."

हळूबाने वाचून बघितलं नाही. साहेबांचं खोटं कधी निघायचं नाही, तीच तर अडचण होती.

तर 'पर्यायी इंजिन निवड समिती' बसली. साहेब अध्यक्ष. एक हिशेबनीस, ज्याला पेट्रोल आणि डिझेल यातला फरक फक्त बिलावर कळायचा. एक भांडारवाला, ज्याच्या भांडारात गेलेली वस्तू थेट पुढच्या पिढीलाच दिसायची. आणि एक तज्ज्ञ. तज्ज्ञाकडे गाडी नव्हती. लायसन्सही नव्हतं. पण तो मोबाइलवर इंजिनांबद्दल बोलायचा आणि लोक बघायचे. लाखो बघतात, असं तोच सांगायचा. हळूबाला दाराशी उभं केलं होतं, कारण गाडीविषयी काही विचारायचं झालं तर माणूस हवा. विचारलं कोणी नाही.

"जुनं इंजिन किती घोड्यांचं होतं?" तज्ज्ञाने विचारलं.

हळूबाने आकडा सांगितला. समितीत असा हशा पिकला की हिशेबनिसाच्या बिस्किटाचा तुकडा चहात पडला.

"आणि एवढ्याशा घोड्यांवर तुम्ही डोंगर चढत होता?"

"रोज," हळूबा म्हणाला.

"कसं शक्य आहे?" तज्ज्ञ गंभीर झाला. "कागदावर तरी हे बसत नाही."

मग चर्चा रंगली. हिशेबनीस म्हणाला, कमी पिणारं इंजिन घ्या. भांडारवाला म्हणाला, कुठलंही घ्या, पण आधी माझ्याकडे ठेवा. तज्ज्ञ म्हणाला, सध्या जगात कमी घोड्यांना कोणी विचारत नाही. एवढ्यात साहेबांनी खुर्ची पुढे ओढून हळूच विचारलं, "पलीकडच्या कार्यालयाच्या गाडीला किती घोडे आहेत?"

पलीकडच्या कार्यालयाची गाडी सपाटीवर चालायची. तिला डोंगर फक्त कॅलेंडरवर माहीत. पण तिचे घोडे जास्त होते. आकडा कळला तशी खोलीत शोककळा पसरली.

"ठरलं," साहेब म्हणाले. "त्यांच्यापेक्षा जास्त."

"पण साहेब," हळूबा दाराशी खाकरला, "ते आत मावेल का?"

साहेबांनी त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं, जशी आपण लग्नात कर्जाची गोष्ट काढणाऱ्या पाहुण्याकडे बघतो.

आता लोकांचं मत घेतल्याशिवाय साहेब काही करत नसत, कारण उद्या बोंब झाली तर ती वाटून घ्यायला माणसं लागतात. वस्तीवर सभा ठरली. वर जायला गाडी नव्हती, म्हणून वस्तीवरची सभा खालच्या गावात भरली. वस्तीतले लोक डोंगर उतरून आले. घामाघूम झालेल्या त्या लोकांना साहेबांनी विचारलं, "बोला, तुम्हाला लहान इंजिन हवं की मोठं?"

आता असं विचारल्यावर 'लहान' कोण म्हणेल? वस्तीचा पुढारी उठला. त्याच्या अंगात वारं शिरलं.

"आजवर आमच्यावर कमी घोडे लादले गेले!" तो गरजला. "खालच्यांना मोठी इंजिनं आणि आम्हाला मात्र टुकटुक! आता हे खपवून घेणार नाही!"

टाळ्यांनी मांडव हलला. ज्या माणसांना त्या टुकटुक इंजिनाने आयुष्यभर बाळंतपणाला, सर्पदंशाला, तापाला खाली आणून परत वर सोडलं होतं, त्यांना त्या क्षणी त्याची अशी लाज वाटली, जशी शहरात गेलेल्या पोराला गावाकडच्या बापाची वाटते.

तेवढ्यात आक्काच्या शेजारणीने मोबाइल लावून माईकसमोर धरला. पोंग्यातून आक्काचा आवाज आला, "साहेब, मी वरून आक्का बोलते. गाडी कधी येणार?"

मांडवात चुळबुळ झाली. पुढाऱ्याने शेजारणीला डोळे वटारले. साहेबांनी मात्र मोठं मन दाखवलं. "छान प्रश्न," ते म्हणाले आणि शेजारी बसलेल्या हिशेबनिसाला हळूच सांगितलं, "विषयाला सोडून, असं लिही."

सभा संपल्यावर हळूबाने पुढाऱ्याला बाजूला घेतलं. "मी म्हणतो, खुर्चीला दोन बांबू बांधू. चौघे धरू आणि आक्काला उतरवू. समितीचं चालू दे."

पुढाऱ्याने कपाळावर हात मारला. "अरे, डोकं आहे का खोकं? आपणच बाईला खुर्चीतून खाली आणली तर उद्या साहेब म्हणतील, जमतंय की! मग गाडी कशाला? घ्या प्रत्येकाला एकेक खुर्ची! आक्काला म्हणावं, जरा दम धर. वस्तीच्या भल्याचा प्रश्न आहे."

"पण डोळा तिचा आहे."

"डोळा एकीचा, गाडी सगळ्यांची," पुढारी म्हणाला आणि त्यावरही कोणीतरी टाळी वाजवली.

हळूबा चालत वर गेला. आक्का ओट्यावर बसली होती. दिव्याभोवती आता रंगीत कडी दिसायला लागलीत, म्हणाली, पण डोळ्याचं काय ते जाऊ दे, पायरी नीट बघ, तूच पडशील. खुर्चीचं ऐकून ती हसली.

"राहू दे रे. चौघांच्या खांद्यावरून जायची वेळ कधी ना कधी येणारच आहे. आत्तापासून सवय कशाला? साहेबांनी माईकवरून सांगितलंय ना, छान प्रश्न म्हणून? येईल गाडी."

मोठ्या माणसाने कौतुक केलं की गरीब माणूस त्यालाच उत्तर समजतो.

इंजिन आलं. एवढं मोठं, की ते उतरवायला जी क्रेन आणली तीच दमली. साहेबांनी इंजिनाला वळसा घालून बघितलं. बराच वेळ लागला.

"बसेल ना?" त्यांनी विचारलं.

"बसवू की," मिस्त्री म्हणाला. नाही म्हणायचं नाही, हे त्याचं व्रत मी सांगितलंच आहे.

बॉनेट कापलं, तेव्हा इंजिन आत गेलं. वर उंचवटा एवढा आला की ड्रायव्हरला रस्ता दिसेना. मग ड्रायव्हरची सीट वर उचलली, तेव्हा हळूबाचं डोकं छताला लागलं. छत उंच केलं. आता पुढे रेडिएटरला जागा उरली नाही. तो मागे नेला आणि पेशंटचा बाक होता तिथे उभा केला. समितीने ठराव केला, 'रुग्णाची बैठक व्यवस्था इंजिनाच्या हितास्तव स्थलांतरित करण्यात येत आहे.' कुठे, ते ठरावात नव्हतं. एवढ्या घोड्यांना पाजायला मोठी टाकी लागली. ती औषधांच्या पेटीच्या जागी बसली. औषधांच्या पेटीबद्दल ठराव करायला कोणाच्या लक्षातच राहिलं नाही.

आणि मग मिस्त्री गाडीखालून सरकत बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, "एकच राहिलंय, साहेब. इंजिनाच्या पोटाखालचं तेलाचं चेंबर पुढच्या ॲक्सलवर टेकतंय. काय काढू? इंजिन की ॲक्सल?"

"ॲक्सल काय करतो?" हिशेबनिसाने विचारलं.

"पुढची चाकं ओढतो."

"मागची आहेत ना?"

"मागची आहेत."

हळूबा मध्ये पडला. "साहेब, हात जोडतो. पुढची चाकं ओढली नाहीत तर झऱ्याच्या वळणावर गाडी एक इंच सरकणार नाही. फोर-व्हील आहे म्हणून तर ती गाडी आहे!"

तज्ज्ञाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, तुम्ही जुन्या काळात अडकलात. चार चाकांनी ओढायची गरज कोणाला पडते? ज्याच्याकडे घोडे कमी असतात त्याला."

'पुढील चाकांची ओढ तूर्त स्थगित', असा ठराव झाला. ॲक्सल गेला, त्याच्या जागी साधा दांडा आला. चाकं फिरायची, पण पाहुण्यासारखी. कामाला हात लावायची नाहीत. शेवटी साहेबांनी घोड्यांचा आकडा दोन्ही दारांवर लाल रंगात रंगवून घेतला. लांबून दिसायचा. पलीकडच्या कार्यालयातून तर फारच छान दिसायचा.

या सगळ्यात थंडी पडली.

उद्घाटनाला साहेबांनी फीत कापली. गाडी मैदानात तीन फेऱ्या गरगर फिरली, धुरळा उडाला, पुढारी शिट्टी वाजवून बेशुद्ध पडायचा बाकी राहिला. ज्याने त्याने एकच विचारलं, "किती घोड्यांचं म्हणायचं?" आणि आकडा दारावर असूनही जो तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकून खूश झाला. मग हळूबा गाडी घेऊन वर निघाला. शेजारी साहेब. बाकी समिती मागून जीपने वळणापर्यंत आली.

वर आक्काला निरोप गेला होता. धुतलेलं लुगडं नेसून, गाठोडं मांडीवर घेऊन ती रस्त्याच्या कडेला दगडावर बसली होती. धूळ आता तिला दिसत नव्हती, पण आवाज यायचा. अख्खा डोंगर घुमत होता. "आली, आली," शेजारीण म्हणाली. आक्का उठून उभी राहिली. आवाज वाढत वाढत वळणापर्यंत आला. आणि मग तो तिथेच राहिला. गाडी ओरडत होती, ओरडत होती, पण आवाज जवळ येईना. बराच वेळ तशीच उभी राहून आक्का पुन्हा दगडावर बसली.

वळणावर काय झालं ते सांगायला नकोच. मागच्या चाकांनी एवढ्या घोड्यांच्या जोराने जे करायचं ते केलं. खड्डा खणला. जितका जोर जास्त, तितका खड्डा खोल. गाडी पोटावर बसली, साहेबांच्या पांढऱ्या शर्टवर झऱ्याचा चिखल उडाला, आणि तज्ज्ञाने जीपजवळून ओरडून सांगितलं, "पॉवर मात्र जबरदस्त आहे हं!"

गाडी ओढायला मिस्त्रीला फोन गेला. थोड्या वेळाने खालून टुकटुक आवाज आला. हळूबाचे कान टवकारले. हा आवाज तो झोपेतही ओळखला असता. मिस्त्रीची स्वतःची जुनी पिकअप वळण घेऊन आली, शांतपणे, चारही चाकांनी, आणि समोर येऊन उभी राहिली.

"यात कुठलं इंजिन टाकलंस?" हळूबाने विचारलं.

मिस्त्रीने मान खाजवली. "ते झाडावर आपटलेल्या गाडीतलं. तुम्ही घेतलं नाही, मग म्हटलं कशाला गंजू द्यायचं? नटाला नट बसला."

दोर बांधला. टुकटुकने त्या अजस्र गाडीला चिखलातून असं उपसलं, जसं आई हट्टी पोराला बाजारातून ओढत नेते. हे सगळ्या समितीने उघड्या डोळ्यांनी बघितलं. भांडारवाला म्हणाला, "टोइंगची सोय उत्तम आहे." हिशेबनिसाने मान डोलावली. साहेब चिखल पुसत म्हणाले, "अहवालात लिहा. इंजिन निर्दोष. रस्ता अपात्र."

हळूबाने काही लिहिलं नाही. त्याने दोर सोडला, मिस्त्रीच्या गाडीत बसला आणि दार ओढून घेतलं.

"अरे, कुठे?" मिस्त्री ओरडला.

"वर."

"खासगी वाहनातून रुग्णाची वाहतूक करता येत नाही!" साहेब मागून म्हणाले. "अरे, आपल्याकडे गाडी आहे!"

आयुष्यात पहिल्यांदा हळूबाने गाडीला घाई केली. आक्काला उचलून पुढच्या सीटवर बसवलं, गाठोडं मागे टाकलं आणि टुकटुक करत खाली आणली. वाटेत आक्का म्हणाली, "ही तर आपलीच गाडी दिसते रे. आवाज तोच. दुरुस्तीला एवढे दिवस लागले होय?" हळूबाने गिअर बदलला.

डॉक्टरीणबाईंनी डोळा तपासला. दिवा बंद करून पुन्हा लावला. मग आक्काचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "थंडीच्या आत या म्हटलं होतं ना मी?"

"समिती बसली होती," आक्का म्हणाली. जणू पाहुणे आले होते.

हळूबाला दुसऱ्याच दिवशी खुलासा विचारण्यात आला. 'कार्यालयाचे उच्च क्षमतेचे वाहन उपलब्ध असताना कमी घोड्यांच्या वाहनातून रुग्ण का आणला?' रस्त्यासाठी नवी समिती नेमली गेली. रस्ता इंजिनाच्या लायकीचा होईपर्यंत गाडी कार्यालयासमोर उभी करायचं ठरलं. ती तिथेच आहे. पाहुणे आले की साहेब ती चालू करून दाखवतात.

आक्का आता खाली भावाकडे राहते. घर कार्यालयाला लागूनच आहे. गाडी चालू झाली की ओट्यावरून मान वळवते.

"केवढा आवाज रे! गाडी कुठे निघाली?"

"कुठे नाही, आक्का. उभीच आहे."

हळूबा ही गोष्ट कोणालाही सांगतो. चहाच्या टपरीवर, गॅरेजमध्ये, दवाखान्याच्या बाकावर. लोक मन लावून ऐकतात. साहेबांना शिव्या घालतात, तज्ज्ञाला हसतात, चुकचुकतात. आणि शेवटी प्रत्येक जण, अगदी प्रत्येक जण, जरा पुढे झुकून विचारतो, "बरं, पण ते नवीन इंजिन किती घोड्यांचं होतं?"

तुम्हीही मघापासून तोच आकडा शोधताय. तो मी एकदाही सांगितलेला नाही, आणि हे तुमच्या बरोबर ध्यानात आलंय. आक्काचा कोणता डोळा उरला होता ते मात्र सुरुवातीलाच सांगितलं होतं. आता वर न बघता सांगा. डावा की उजवा?